मांजर, मेथीचा वाफा आणि गरोदरपण

परवा संध्याकाळी आमच्याच गल्लीतल्या एक वहिनी सुनेला घेऊन दवाखान्यात आल्या. सून चार महिन्यांची गरोदर. त्यांच्या परसात मेथी-कोथिंबिरीचे दोन वाफे आहेत आणि शेजारची मांजर रोज नेमकी तिथेच घाण करते. मांजरीच्या घाणीने मूल आंधळे जन्मते, असे सुनेला कुणीतरी सांगितलेले. चार दिवस पोरीला झोप नाही. वहिनींचा तोडगा तयार होता. "डॉक्टर, उंदराचं औषध दुधात घालून ठेवते. कटकटच मिटेल."

मी म्हटले, वहिनी, ते दूध मांजरच पिईल कशावरून? गल्लीत रांगती पोरे आहेत. शिवाय मांजराला विष घालणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

भीती मात्र अगदीच खोटी नाही. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा एक परजीवी मांजराच्या आतड्यात वाढतो आणि विष्ठेतून बाहेर पडतो. गरोदरपणात त्याची लागण पहिल्यांदाच झाली, तर ती गर्भाला पोहोचून बाळाच्या डोळ्यांना व मेंदूला इजा होऊ शकते. प्रत्येक वेळी होतेच असे नाही. पूर्वी कधी लागण होऊन गेलेली असेल, तर ती बहुधा बाळाचे रक्षणच करते. म्हणून रक्ताच्या तपासणीत जुन्या लागणीची खूण निघाली की हबकून जाऊ नये. रिपोर्ट हातात घेऊन रडत आलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

आणखी एक. मांजर हे जंतू आयुष्यात बहुधा एकदाच, एक ते तीन आठवडेच टाकते. ताजी विष्ठा लगेच बाधत नाही, त्याला एक ते पाच दिवस लागतात. पण ओल्या मातीत ते वर्षभरही टिकतात. म्हणजे खरा धोका मांजरीला शिवण्यात फारसा नाही. तो मातीच्या हातात, न धुतलेल्या पालेभाजीत आणि अर्धवट शिजलेल्या मटणात आहे. सुनेने वाफ्यात हात घालू नये. घालावाच लागला तर रबरी हातमोजे घालावेत आणि नंतर साबणाने हात धुवावेत. कोथिंबीर दोन-तीन पाण्यांतून काढावी. मटण नीट शिजवावे.

आता मांजरीचे. तिला भुसभुशीत, कोरडी, उकरता येणारी माती हवी असते. ती मिळाली नाही की ती दुसरीकडे जाते. वाफा ओलसर ठेवावा. रोपांच्या मधल्या जागेत बोरीच्या किंवा बाभळीच्या काट्या आडव्या टाकाव्यात, नाहीतर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी मातीवर अंथरावी. रोपे तिच्यातून वर येतात. पडलेली घाण घरातल्या दुसऱ्या कुणीतरी खुरप्याने रोजच्या रोज काढावी. बांधकामाचा वाळूचा ढीग असेल तर रात्री ताडपत्रीने झाकावा, कारण दिवसा त्यावर पोरे खेळतात. मांजरांच्या आतड्यातल्या जंतांच्या अळ्या अशा वाळूतून पायाच्या कातडीत शिरतात आणि वेड्यावाकड्या, खाजऱ्या रेघा उठतात. लाल पाण्याच्या बाटल्यांबद्दल विचाराल, तर अशाच एका बाटलीला टेकून झोपलेले मांजर मी पाहिले आहे.

डांबरगोळ्यांचा प्रयोग मीही एकदा केला होता. जास्वंदीच्या आळ्यात चार गोळ्या टाकल्या आणि तिसऱ्या दिवशी त्यातली एक नातवाच्या मुठीत सापडली. तोंडात गेली नव्हती, एवढे नशीब. काही मुलांच्या रक्तात एका एन्झाइमची जन्मजात कमतरता असते. गोळी पोटात गेली तर त्यांच्या तांबड्या पेशी फुटतात. डॉक्टर असून मला ते आधी सुचले नाही! फिनेलही ओतू नये. मांजराचे यकृत ते पचवू शकत नाही आणि मेथी तर आपल्यालाच खायची असते.

शेजाऱ्यांशी मी बोललो. त्यांनी आपल्याच कुंपणालगत वाळूचा छोटा चौकोन करून दिला, मांजर आता बहुतेक तिकडेच जाते. सून गेल्या आठवड्यात तपासणीला आली होती. मेथी हल्ली सासूबाई खुडतात आणि सूनबाई खुर्चीत बसून, कुठला कोपरा राहिला ते सांगतात.