खुब्याचे सांधेरोपण आणि मज्जातंतूंना होणारी इजा

इंग्लंडमधील रायटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नली यांनी १९६२ मध्ये खुब्याच्या सांधेरोपणास आधुनिक रूप दिले. वेदनामुक्ती देणाऱ्या या शस्त्रक्रियेतील एक विरळ परंतु गंभीर धोका म्हणजे मज्जातंतूंना होणारी इजा होय. प्रथमच केलेल्या सांधेरोपणात तिचे प्रमाण साधारणतः शेकडा एकच्या आसपास आढळते. सांधा जन्मतः सदोष असल्यास किंवा पुनर्शस्त्रक्रियेत ते वाढते.

सर्वाधिक इजा सांध्यामागून जाणाऱ्या सायटिक मज्जातंतूस, विशेषतः त्याच्या पेरोनिअल भागास होते. हा भाग वर नितंबातील हाडाच्या खाचेपाशी व खाली गुडघ्याजवळ जखडलेला असल्याने ताण पडताच त्यास सरकण्यास वाव उरत नाही. म्हणूनच आखूड पाय एका वेळी चार सेंटिमीटरहून अधिक लांबविणे धोक्याचे मानले जाते. उपकरणांचा दाब व साकळलेले रक्त ही अन्य कारणे होत.

अशा इजेनंतर रुग्णास पाऊल वर उचलता येत नाही. काहींमध्ये ही दुर्बलता कायम राहते. त्यामुळे भूल उतरताच पावलाची हालचाल तपासणे आवश्यक ठरते.

सारांश, दोन्ही पायांची लांबी समान करण्याचा आग्रह किती धरावा, हा प्रश्न केवळ शल्यविशारदाचा नाही. संमतिपत्रावर स्वाक्षरी घेण्यापूर्वी हा धोका रुग्णास समजेल अशा भाषेत सांगितला गेला पाहिजे.