आडनावाला गुलमंडीत काय भाव?

दिवाळीच्या आठवड्यात गुलमंडीच्या चौकात उभे राहायचे तर दुकानाच्या पायरीचा आधार घ्यावा लागतो. पैठण गेटकडून टिळक पथाने आलेली गर्दी, सिटी चौकातून उतरलेली गर्दी आणि औरंगपुऱ्याची गर्दी इथे एकमेकींत शिरतात. सुपारी हनुमानाला हात जोडणारा स्कूटरवाला हॉर्न वाजवत राहतो, आणि कढईतली इमरती पाकात पडायच्या आत तिची पुडी ठरलेली असते. या गर्दीच्या डोक्यावर शुभेच्छांचे फलक असतात. ते वाचायची एक पद्धत आहे. मधला मोठा चेहरा सोडून द्यायचा आणि वरचा डावा कोपरा पाहायचा. तिथे पक्षाच्या नेत्यांच्या रांगेला लागून एखादा जुना, थोडा धूसर फोटो असतो. तो वडिलांचा किंवा काकांचा असतो. मधला चेहरा कोणाच्या घरातला, हे तो कोपरा सांगतो.

या शहरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादमध्ये, त्या कोपऱ्याला खरोखर किती किंमत आहे, हा या लेखाचा प्रश्न आहे. उत्तर शोधण्यासाठी अतुल सावे यांची कारकीर्द सोयीची आहे. वडील महापौर आणि दोन वेळा खासदार, मुलगा तीन वेळा आमदार आणि मंत्री. वरवर पाहता घराणेशाहीचे सरळसोट उदाहरण. मतांचे आकडे मांडले की मात्र ते तितके सरळ राहत नाही.

सुरुवात वडिलांपासून करू. औरंगाबाद नगरपालिकेची महापालिका झाली डिसेंबर 1982 मध्ये, पण पहिली निवडणूक व्हायला 1988 उजाडले. शिवसेनेची शहरातली शाखा तोवर जेमतेम तीन वर्षांची होती. ती 1985 च्या जूनमधली. गुलमंडी, औरंगपुरा, राजाबाजार या जुन्या वस्त्यांमधली तरुण पोरे, गणेश मंडळांचे कार्यकर्ते, छोटे दुकानदार असे तिचे मनुष्यबळ. साठ जागांच्या सभागृहात या नवख्या पक्षाने 27 जागा जिंकल्या. तरीही पहिले महापौर झाले काँग्रेसचे डॉ. शांताराम काळे, कारण बाकीचे एकत्र आले. निकालानंतर 8 मे 1988 रोजी मराठवाडा सांस्कृतिक मंडळाच्या मैदानावर बाळासाहेब ठाकरे यांनी शहराला 'संभाजीनगर' म्हटले. पुढची पस्तीस वर्षे या शहराची प्रत्येक निवडणूक त्या एका शब्दाभोवती फिरली.

हुकलेले महापौरपद सेनेला वर्षभरात मिळाले. त्या खुर्चीवर बसले मोरेश्वर सावे. ते उद्योजक होते. शाखेतल्या आक्रमक पोरांच्या पक्षाला व्यापारी आणि कारखानदार वर्गात नेणारा चेहरा म्हणून त्यांचा उपयोग मोठा होता. 1989 मध्ये ते लोकसभेत गेले, 1991 मध्ये पुन्हा निवडून आले. 6 डिसेंबर 1992 च्या अयोध्या प्रकरणातल्या आरोपींत त्यांचे नाव होते. त्या खटल्याचा निकाल लागला 30 सप्टेंबर 2020 रोजी आणि हयात असलेले सर्व 32 आरोपी निर्दोष सुटले. तोवर सावे यांना जाऊन पाच वर्षे झाली होती.

1996 ला लोकसभेची उमेदवारी प्रदीप जैस्वाल यांच्याकडे गेली आणि ते खासदार झाले. 1999 पासून सलग चार वेळा चंद्रकांत खैरे. म्हणजे सेनेने या मतदारसंघात तीन वेगवेगळी माणसे खासदार केली आणि तिघेही पहिल्या पिढीचे होते. शाखा माणूस घडवायची, पक्ष त्याला तिकीट द्यायचा, आणि गरज पडली की तेच तिकीट दुसऱ्याला द्यायचा. घर चालवण्यासाठी लागते ती स्थिरता या पद्धतीत नव्हती.

पश्चिम महाराष्ट्राशी तुलना केली की फरक कळतो. तिथे घराण्याच्या मागे संस्था असतात. प्रवरेचा सहकारी साखर कारखाना 1950 च्या सुमारास उभा राहिला आणि विखे घराण्याच्या चार पिढ्यांचे राजकारण त्याच्या आवारात वाढले. ऊस कोणाचा आधी तुटणार, सोसायटीचे कर्ज कोणाला मिळणार, मुलाला कॉलेजात प्रवेश आणि नंतर नोकरी कुठे लागणार, या सगळ्याला एकच दार. तिथे वारसा म्हणजे सातबाऱ्यासारखी दाखवता येणारी वस्तू. शहरात तसा कारखाना नाही. चिकलठाण्यातला किंवा वाळूजमधला उद्योजक कामगाराला पगार देतो, त्याचे मत त्याच्या खिशात नसते. सावे यांच्या घराला मिळाले ते नाव, ओळखी आणि एका विचाराचा मतदार. हे तिन्ही दुसऱ्याकडे जायला वेळ लागत नाही.

म्हणूनच अतुल सावे यांच्या कारकिर्दीतली पहिली लक्षात घ्यायची गोष्ट ही की त्यांनी वडिलांचा पक्ष घेतला नाही. ते भाजपमध्ये वाढले. सेनेत त्या काळी खैरे यांचा शब्द चालत होता, शिवाय जैस्वाल होते, किशनचंद तनवाणी होते. भाजपकडे शहरात जागा मोकळी होती आणि व्यापारी, मध्यमवर्गीय, ओबीसी मतदाराला चालेल असा चेहरा पक्षाला हवाच होता. मोरेश्वर सावे यांनी सेनेसाठी जोडलेला वर्ग मुलाने युतीतल्या दुसऱ्या पक्षाच्या खात्यावर वळवला. वारसा चालला, पण चिन्ह बदलून.

2014 च्या सप्टेंबरात युती तुटली नसती तर हे खाते उघडले असते का, हा प्रश्न आहे. त्या निवडणुकीत औरंगाबाद पूर्वमध्ये तीन प्रकारचे वारसे आमनेसामने होते. काँग्रेसचे राजेंद्र दर्डा हे स्वातंत्र्यसैनिक आणि राज्याचे माजी मंत्री जवाहरलाल दर्डा यांचे चिरंजीव. 1999 पासून तीन वेळा आमदार, शालेय शिक्षणमंत्री, आणि मागे 'लोकमत'. त्याची औरंगाबाद आवृत्ती 1982 पासूनची. सेनेने माजी महापौर कला ओझा यांना उतरवले. एमआयएमचे डॉ. गफार कादरी यांच्यामागे घराणे नव्हते, नव्याने एकवटलेला मतदार होता. निकाल असा: सावे 64,528, कादरी 60,268, दर्डा 21,203. राज्यातले एक वजनदार घर, मंत्रिपद आणि वर्तमानपत्र हाताशी असून, तिसऱ्या क्रमांकावर गेले.

हा निकाल घराणेशाहीच्या चर्चेत फारसा आठवला जात नाही. दर्डा यांच्याकडे वारसा सावेंपेक्षा मोठा होता. फरक एवढाच की ध्रुवीकरणाच्या निवडणुकीत त्यांचा मतदार दोन्हीकडून कापला गेला. मुस्लिम मत कादरींकडे वळले आणि त्याच्या धसक्याने हिंदू मत सावेंकडे. शेजारच्या मध्य मतदारसंघात, ज्यात गुलमंडी येते, तिथे याचीच उलटी बाजू दिसली. सेनेचे जैस्वाल आणि भाजपचे किशनचंद तनवाणी यांनी मते वाटून घेतली आणि एमआयएमचे इम्तियाज जलील आमदार झाले. सेनेच्या जन्मस्थानी सेना हरली.

पुढच्याच वर्षी, 2015 च्या महापालिका निवडणुकीत, आडनावाची परीक्षा थेट गुलमंडीवर झाली. खासदार खैरे यांचा पुतण्या सेनेचा अधिकृत उमेदवार होता. जिंकले तनवाणी यांचे बंधू राजू. ज्या गल्ल्यांनी खैरे यांना मोठे होताना पाहिले, त्यांनीच घरातल्या पुढच्या पिढीला नाकारले. दुसऱ्या बाजूने पाहिले तर निवडून आला तोही कोणाचा तरी भाऊच. वॉर्डाच्या पातळीवर निवड बहुधा घर आणि घर यांच्यातच होते, हेही नाकारता येत नाही.

सावे मात्र या काळात टिकले आणि वर चढले. जून 2019 मध्ये फडणवीस मंत्रिमंडळाच्या शेवटच्या विस्तारात ते राज्यमंत्री झाले. उद्योगाबरोबर त्यांच्याकडे अल्पसंख्याक विकास आणि वक्फही आले. अयोध्येच्या खटल्यात ज्यांच्या वडिलांचे नाव होते, त्या मुलाकडे वक्फचे खाते! काही महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत युती होती. सावे 93,966, कादरी 80,036. फरक 4,260 वरून 13,930 वर गेला. ऑगस्ट 2022 मध्ये ते कॅबिनेट मंत्री झाले. सहकार आणि इतर मागास बहुजन कल्याण, पुढे सहकाराऐवजी गृहनिर्माण. 2023 च्या सप्टेंबरात अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला आणि आरक्षणाचा प्रश्न मराठवाड्याच्या प्रत्येक गावात पोचला. जून 2024 मध्ये वडीगोद्रीत ओबीसींचे उपोषण सुरू झाले, तेव्हा सरकारच्या शिष्टमंडळात सावे होते. शहरी उद्योजकाच्या मुलाची ओळख एव्हाना 'पक्षाचा ओबीसी चेहरा' अशी झाली होती. ती ओळख त्यांना वडिलांकडून मिळालेली नव्हती. तो काळाने दिलेला भाग.

आता 2024. समोर इम्तियाज जलील स्वतः. मतमोजणीच्या बऱ्याच फेऱ्यांत जलील पुढे होते, शेवटच्या फेऱ्यांनी चित्र पालटले. सावे 93,274, जलील 91,113. फरक 2,161. याच मतदारसंघात काँग्रेसचे लहू शेवाळे होते, समाजवादी पक्षातर्फे तेच गफार कादरी होते, वंचितचे अफसर खान होते. या तिघांची बेरीज 2,161 पेक्षा कितीतरी मोठी भरते. सावे यांची मते पाच वर्षांत वाढली नाहीत, सातेकशेने घटलीच. विरोधकांची मते मात्र फाटली.

जिल्ह्यातल्या नऊ आमदारांत त्या वर्षी थेट राजकीय घरातले निदान तिघे निवडून आले. पैठणमध्ये खासदार संदिपान भुमरे यांचे चिरंजीव विलास, कन्नडमध्ये रावसाहेब दानवे यांच्या कन्या संजना जाधव, आणि पूर्वमध्ये सावे. पैठण आणि कन्नडमधला विजयाचा फरक पाच आकडी आहे. शहरातला चार आकडी. ग्रामीण भागात पाहुणेरावळे, बाजार समिती, सोसायटी यांचे जाळे मत धरून ठेवते. शहरात ते जाळे फार विरळ आहे. कन्नडची लढत तर घराण्यांच्या आतलीच होती. संजना यांनी हरवले ते हर्षवर्धन जाधव यांना, म्हणजे माजी आमदार रायभान जाधव यांच्या मुलाला. हेच हर्षवर्धन 2019 च्या लोकसभेत अपक्ष राहून 2,83,798 मते घेऊन गेले होते, आणि खैरे 4,492 मतांनी पडले होते.

या सगळ्याचा निष्कर्ष माझ्या मते असा. या शहरात आडनाव उमेदवारी मिळवून देते. पहिल्या दिवशी लोक ओळखतात, पैसा उभा राहतो, पक्षश्रेष्ठींच्या दारात थांबावे लागत नाही. जिच्या घरात कोणी नगरसेवकही नव्हते अशा कार्यकर्तीला हीच वाट चालायला पंधरा वर्षे लागतात, आणि घराणेशाहीचा अन्याय तिथेच होतो. मतपेटीपाशी मात्र आडनावाचा जोर संपतो. तिथे समोर कोण आहे आणि त्याची मते किती जणांत वाटली गेली, यावर निकाल ठरतो. दर्डा हरले, खैरे हरले, सावे जिंकले. तिघांकडेही नाव होते.

नवी माणसे जिथून यायची ती जागा म्हणजे महापालिका. तिथल्या सदस्यांची मुदत एप्रिल 2020 मध्ये संपली आणि त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाने पाहिला. त्या काळात गुलमंडीतून एकही नवा नगरसेवक तयार झाला नाही, फलकांवरचे कोपरे मात्र तेच राहिले. तेव्हा पुढच्या वेळी असा फलक दिसला तर वरच्या कोपऱ्यातला फोटो जरूर पाहावा. मात्र मत देण्यापूर्वी त्या घराचा मागच्या निवडणुकीतला फरक किती होता, हेही एकदा तपासून घ्यावे.