उन्हातला चष्मा : काळी काच म्हणजे संरक्षण नव्हे

सोलापूरचे ऊन कसे असते हे सोलापूरकरांना सांगण्याची गरज नाही. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि पाऱ्याने चाळिशी ओलांडणे ही तर येथील नित्याची बाब. या दिवसांत डोक्याला टॉवेल गुंडाळा, पाणी भरपूर प्या, असे वडीलधारी माणसे सांगतात. डोळ्यांविषयी मात्र कोणी फारसे बोलत नाही. गवंडी व बिगारी, खडी फोडणारे, ऊस तोडणारी जोडपी, रिक्षाचालक, रस्त्यावर डांबर टाकणारे असे आपले कितीतरी बांधव आणि भगिनी दिवसाचे आठ-दहा तास उघड्या डोळ्यांनी उन्हात राबतात. फार झाले तर गड्ड्याच्या यात्रेतून किंवा रस्त्याकडेच्या विक्रेत्याकडून एखादा काळा गॉगल घेतात व डोळ्यांची सोय झाली असे समजतात. हा समज कितपत खरा आहे आणि आपापल्या कामाला योग्य चष्मा कसा निवडावा, याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

तीन धोके, तीन गुण

उन्हातील कामात डोळ्यांना तीन प्रकारचा त्रास संभवतो. पहिला, न दिसणाऱ्या अतिनील किरणांचा. वर्षानुवर्षे हे किरण डोळ्यांत गेल्याने मोतीबिंदूचा धोका वाढतो. बुबुळावर मांस वाढण्याचा विकारही उन्हात व धुळीत काम करणाऱ्यांत अधिक आढळतो. दुसरा त्रास चकाकीचा. पाणी, ओला रस्ता, गाडीचे बॉनेट यांवरून उसळणारा प्रकाश डोळे दिपवितो. तिसरा धोका उडून येणाऱ्या वस्तूंचा, म्हणजे खडीची कपची, लोखंडाचा कण, मळणीचे कुसळ, उसाचे पाते यांचा.

या तीन धोक्यांसाठी काचेत तीन निरनिराळे गुण लागतात. एक गुण आहे म्हणून दुसरा असेलच असे नाही, ही गोष्ट वाचकांनी पक्की ध्यानात ठेवावी.

काळेपणाने काय होते ?

तीव्र प्रकाशात डोळ्याची बाहुली आपोआप बारीक होते. ही निसर्गाने दिलेली सोय आहे. काळ्या काचेमागे अंधार होतो व बाहुली मोठी होते. त्या काचेत अतिनील किरण अडविण्याचा गुण नसेल, तर रुंदावलेल्या बाहुलीतून ते डोळ्यांच्या आत अधिक प्रमाणात शिरू शकतात. काळ्या रंगाचा आणि अतिनील किरण अडविण्याचा परस्परांशी संबंध नाही. उलट पॉलिकार्बोनेट नावाच्या कठीण प्लास्टिकची काच पाण्यासारखी पांढरी असली, तरी बहुतेक सर्व अतिनील किरण अडविते. म्हणून चष्मा घेताना ‘यूव्ही ४००’ अशी खूण पाहावी. ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडतात, असा तिचा अर्थ.

खूण खरी की खोटी हे डोळ्यांनी कळत नाही. चांगल्या चष्म्याच्या दुकानात ते मोजण्याचे यंत्र असते. ते नसल्यास नोटा तपासण्याच्या दिव्याचा उपयोग होतो. त्या दिव्याखाली आपल्या नोटेवरील क्रमांक चमकतात. दिवा आणि नोट यांच्यामध्ये चष्म्याची काच धरावी. चमक नाहीशी झाली तर काच ते किरण अडवीत आहे. क्रमांक तसेच चमकत राहिले तर तो चष्मा परत करावा. ही ढोबळ परीक्षा आहे, प्रमाणपत्र नव्हे. दिव्याकडे थेट पाहू नये.

पोलराइज्ड म्हणजे काय ?

प्रकाशाच्या लहरी सर्व दिशांनी कंप पावत असतात. सपाट पृष्ठभागावरून परावर्तित झालेल्या प्रकाशात मात्र आडव्या कंपनांचे प्रमाण बरेच वाढते. यालाच शास्त्रात ध्रुवण म्हणतात. १८०८ साली पॅरिसमध्ये मालुस या शास्त्रज्ञाला ते समोरच्या राजवाड्याच्या खिडक्यांवरील परावर्तित प्रकाशात दिसून आले. पुढे अमेरिकेत एडविन लँड यांनी असा प्रकाश गाळणारी पातळ फिल्म तयार केली व १९३७ साली पोलरॉइड कंपनी स्थापन केली. उभ्या गजांच्या खिडकीतून आडवी धरलेली काठी आत जात नाही, त्याचप्रमाणे पोलराइज्ड काच आडवी कंपने अडविते. त्यामुळे चकाकी मावळते व तिच्यामागचे स्पष्ट दिसू लागते.

याची परीक्षा सोपी आहे. दोन पोलराइज्ड चष्म्यांच्या काचा एकमेकींवर काटकोनात धरल्या, तर पलीकडचे जवळजवळ दिसेनासे होते. एकच चष्मा असल्यास तो कॅलक्युलेटरच्या पडद्यासमोर धरून हळूहळू फिरवावा. पडदा एका स्थितीत काळा पडतो.

कोणाला काय हवे ?

उजनी धरणाच्या जलाशयात मासेमारी करणाऱ्यांना पोलराइज्ड चष्म्याचा खरा फायदा होतो, कारण पाण्यावरची चकाकी जाऊन आतले दिसते. तेथे रोहित पक्षी पाहण्यास जाणाऱ्या हौशी मंडळींनाही तो उपयुक्त आहे. दिवसा वाहन चालविणाऱ्यांना रस्त्यावरची चकाकी कमी झाल्याने आराम मिळतो. परंतु सायंकाळी सोलापूरहून पुण्याकडे जाताना समोर येणारा सूर्य थेट असतो, परावर्तित नसतो. तेथे या काचेचा विशेष गुण फारसा कामी येत नाही, केवळ तिच्या काळेपणाचा उपयोग होतो. दुचाकीस्वारांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. रस्त्यावर सांडलेले तेल किंवा पाणी चमकते म्हणून दिसते. ती चमकच गेली तर धोका उशिरा कळतो. काही यंत्रांचे व वाहनांचे पडदेही या काचेतून काळे दिसतात. रात्री तर कोणताही रंगीत चष्मा लावून वाहन चालवू नये. गडदपणाचे शून्य ते चार असे वर्ग असतात. दिवसा उन्हात तिसरा वर्ग पुरतो, आणि चौथ्या वर्गाची काच वाहन चालविण्यास वर्ज्य आहे.

खडी फोडणे, छिन्नी-हातोडा, ग्राइंडर, मळणी आणि ऊसतोडणी या कामांत चकाकीपेक्षा आघाताचा धोका मोठा आहे. उसाचे पाते बुबुळाला लागले, तर जखमेत बुरशीचा संसर्ग होऊन दृष्टी जाऊ शकते. येथे पोलराइज्ड चष्म्यावर जादा पैसे घालण्याऐवजी पॉलिकार्बोनेटचा, बाजूंनी झाकलेला, पांढऱ्या काचेचा सुरक्षा चष्मा घ्यावा. आयएसआय चिन्हासह ‘आयएस ५९८३’ हा क्रमांक, किंवा अमेरिकन मानकाची ‘झेड ८७ +’ ही खूण पाहावी. असा एकच चष्मा कण आणि अतिनील किरण दोन्ही अडवितो, आणि सावलीत गेले तरी काढावा लागत नाही. दोन्ही गुण हवे असतील, तर पोलराइज्ड असूनही वरील मानकाची खूण असलेले चष्मे मिळतात. नुसता फॅशनचा पोलराइज्ड गॉगल कपचीच्या माऱ्यापुढे टिकेलच याचा भरवसा नाही.

वेल्डिंगसाठी यांपैकी कोणताही चष्मा चालत नाही. त्याला ठरावीक शेड क्रमांकाची खास काच लागते. सूर्यग्रहणही या चष्म्यांतून कदापि पाहू नये.

वापर आणि हक्क

चष्मा चेहऱ्याला लगटून बसावा. वरून व बाजूंनी फट राहिली, तर ऊन आत येतेच. म्हणून रुंद काठाची टोपी, फेटा किंवा पुढे ओढलेला पदर सोबत असावा. नंबरचा चष्मा असणाऱ्यांना त्यावरून घालता येणारे सुरक्षा चष्मेही मिळतात. धूळ बसलेली काच शर्टाच्या टोकाने कोरडी पुसू नये, आधी पाण्याने धुवावी. थिनरने पुसल्यास पॉलिकार्बोनेटला तडे जातात. एवढे करूनही डोळ्यात कण गेलाच, तर डोळा चोळू नये, घरगुती औषध घालू नये. त्वरित डॉक्टरांकडे जावे.

खर्चाचा प्रश्न उरतोच. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ३५ मध्ये, नियमाने ठरविलेल्या कामांवर कण उडण्यापासून किंवा तीव्र प्रकाशापासून डोळ्यांच्या रक्षणासाठी पडदे अथवा योग्य गॉगल पुरविण्याची तरतूद होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. कामाची जागा सुरक्षित ठेवण्याची मालकाची जबाबदारी कायम आहे. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाने नोंदीत कामगारांसाठी सुरक्षा संचाची योजना राबविली आहे. आपल्या वस्तीतील बांधकाम मजुरांनी नोंदणी करून घ्यावी व शिकलेल्या तरुणांनी त्यांना अर्ज भरण्यास मदत करावी. चष्मा मागण्यात कमीपणा नाही. कष्टकऱ्याचे हात थकले तर विश्रांतीने पुन्हा चालू लागतात. गेलेली नजर मात्र बहुधा परत येत नाही. आणि तिच्यावर अख्ख्या कुटुंबाची चूल पेटत असते.