अर्धा किलोचा चाप

1965 च्या सुमारास जर्मनीच्या फाइनवेर्कबाऊ कंपनीचं 'मॉडेल 65' एअर पिस्तूल आलं. स्प्रिंगचा धक्का हाताला बसू नये म्हणून त्याचा वरचा भाग रुळांवर मागे सरकायचा. एक कळ फिरवली की चाप 500 ग्रॅमऐवजी 1360 ग्रॅमला सुटायचा, म्हणजे जड चापाचाही सराव त्याच पिस्तुलावर. मात्र प्रत्येक छऱ्यामागे बाजूचा दांडा ओढावा लागे. साठ शॉट्सच्या सामन्यात ही ओढाओढ साठ वेळा, सरावाचे शॉट्स वेगळेच.

पुढे एका दट्ट्यात हवा भरणारी पिस्तुलं आली, मग कार्बन डायऑक्साइडची, आणि शेवटी दाबाखालच्या हवेच्या नळकांड्यांची. 1988 मध्ये सोलला एअर पिस्तूल हा प्रकार ऑलिंपिकमध्ये दाखल झाला. त्यानंतरच्या काही वर्षांत दांडा ओढण्याचे कष्ट जवळपास संपले.

धरण्याचे मात्र संपले नाहीत. किलोभराचं पिस्तूल एकाच हाताने, मनगटाला आधार न देता, 11.5 मिलिमीटरच्या दहा गुणांच्या वर्तुळावर रोखायचं. थकलेला पंजा नकळत मूठ आवळतो, करंगळीबरोबर तर्जनीही आखडते आणि उजव्या हाताच्या नेमबाजाचा छर्रा डावीकडे खाली जातो. म्हणून काही सेकंदांत शॉट सुटला नाही की जाणकार खेळाडू हात खाली घेतो. टीव्हीसमोरच्या प्रेक्षकाला तो कचरला असं वाटतं. खरं तर कसब तिथेच असतं.

चापातलं घर्षण इलेक्ट्रॉनिक ट्रिगरने काढून टाकलं. तो प्रत्येक वेळी सारखाच सुटतो, पण बिघडला तर बोटाच्या हाती काही राहत नाही. 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये नेमबाज मनू भाकरचं एअर पिस्तूल पात्रता फेरीतच बिघडलं आणि दुरुस्तीत पाव तासाहून अधिक वेळ गेला. उरलेले शॉट्स घाईने मारूनही तिचे 575 गुण झाले. अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये याच प्रकारात तिने 221.7 गुणांसह कांस्य जिंकलं. रौप्याची लढत तिथे 0.1 गुणाने हुकली.

नेमबाज हीना सिद्धूची गोष्ट बोटाचीच. 2013 मध्ये म्युनिकला विश्वचषक फायनलचं सुवर्ण जिंकणाऱ्या हीनाला पुढे चाप ओढणाऱ्या तर्जनीच्या दुखापतीने छळलं. तरी 2018 च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत तिने एअर पिस्तूलमध्ये रौप्य आणि 25 मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण मिळवलं. या दुसऱ्या प्रकारात चापाचं किमान वजन दुप्पट, 1000 ग्रॅम असतं!

यंत्राने वाचवलेले कष्ट नियमांनी परत वसूल केले, असंच म्हणायला हवं. पुरुषांना 60 शॉट्ससाठी पूर्वी 105 मिनिटं मिळत. 2013 पासून इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर 75 मिळतात. महिलांचे 40 शॉट्स 2018 पासून 60 झाले, वेळ पुरुषांइतकीच 75 मिनिटं. चापाचं किमान वजन मात्र अजूनही 500 ग्रॅमच आहे.