अथेन्सचा चढ आणि अर्धशक्तीचा विचार

२२ ऑगस्ट २००४ रोजी सायंकाळी सहा वाजता ग्रीसमधील मॅरेथॉन या गावातून ऑलिम्पिकची महिलांची दीर्घ शर्यत सुटली, तेव्हा हवेचे तापमान ३५ अंश सेल्सियसच्या आसपास होते. ४२.१९५ किलोमीटरचा तो मार्ग समुद्राजवळून निघतो, प्राचीन योद्ध्यांच्या समाधीच्या टेकाडाला वळसा घालतो आणि दहाव्या किलोमीटरपासून जवळजवळ बत्तिसाव्यापर्यंत वर चढत जातो. त्यानंतर अथेन्स शहरात उतरून संगमरवरी पॅनाथेनाइक क्रीडागारात तो संपतो. दिवसभर तापलेली डांबरी सडक, सावलीचा अभाव आणि वीस किलोमीटरांहून अधिक लांबीची चढण! व्यायामाच्या अतियोगाचे उदाहरण शोधण्यासाठी ग्रंथाबाहेर कोठे जावे, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले तर मी त्याला या शर्यतीचे चित्रण पाहण्यास सांगतो.

इंग्लंडच्या पॉला रॅडक्लिफ यांच्या नावावर त्या वेळी २ तास १५ मिनिटे २५ सेकंदांचा विश्वविक्रम होता. छत्तिसाव्या किलोमीटरच्या सुमारास त्या थांबल्या, पुन्हा धावू पाहिल्या आणि अखेर रस्त्याच्या कडेला बसून रडू लागल्या. जपानच्या मिझुकी नोगुची यांनी चढावर, पंचविसाव्या किलोमीटरच्या आसपासच घोळका सोडला होता. त्या २ तास २६ मिनिटे २० सेकंदांत प्रथम आल्या. केनियाच्या कॅथरीन एनडेरेबा अवघ्या बारा सेकंदांनी मागे होत्या. अमेरिकेच्या डीना कॅस्टर यांनी शर्यतीपूर्वी अंगात बर्फाचे जाकीट घातले होते. आरंभी त्या बऱ्याच मागे राहिल्या आणि एकेकीस ओलांडत कांस्यपदकापर्यंत पोहोचल्या.

वैद्यवाचकांस या आकड्यांशी काय कर्तव्य, असा प्रश्न स्वाभाविक आहे. माझे उत्तर साधे आहे. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात धावणाऱ्यांची संख्या अतोनात वाढली आहे. २००४ सालीच मुंबईत मॅरेथॉनचा प्रारंभ झाला; २०१२ पासून साताऱ्यात यवतेश्वरचा घाट चढून-उतरून एकवीस किलोमीटरची शर्यत होते. पूर्वी व्यायाम करीत नाहीत म्हणून ज्यांस रागवावे लागे, तेच रुग्ण आता शर्यतीचा क्रमांक छातीला लावून चिकित्सालयात येतात. त्यांना काय सांगावे, याची आपली तयारी आहे काय?

शास्त्राचे म्हणणे तर स्पष्ट आहे. बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्या पुरुषानेही अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करावा, तोही शीतकाळात व वसंतात. इतर ऋतूंत त्याहून अल्प, असे वाग्भटाचार्य सांगतात. ललाट, नासिका, कक्षा यांवर स्वेद येणे आणि मुखाने श्वास सुरू होणे ही त्या अर्धबलाची खूण. अतिव्यायामाने तृष्णा, क्षय, श्रम, क्लम, कास, ज्वर, छर्दि संभवतात. या यादीतील छर्दि वाचताना मला नेहमी नोगुची आठवतात. अंतिम रेषा ओलांडल्यावर त्यांना वांत्या झाल्या होत्या. विजेतीची ही अवस्था, मग इतरांचे काय सांगावे!

परंतु अर्धशक्तीचा नियम सांगून रुग्ण शर्यत सोडतो, असा माझा अनुभव नाही. तो मान डोलावतो आणि धावायला जातो. तेव्हा हेतू टळत नसेल तर निदान संप्राप्ती तरी रोखावी, एवढेच आपल्या हाती उरते.

धावताना स्नायूंनी खर्च केलेल्या शक्तीचा साधारण चतुर्थांशच गतीच्या कामी येतो. उरलेली उष्णता होते. चढावर ही उष्णता वाढते आणि वेग मंदावल्याने अंगाला लागणारा वारा घटतो. हवा शरीराइतकी तापली की उष्णता बाहेर टाकण्याचा मार्ग म्हणून जवळजवळ स्वेदच शिल्लक राहतो. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता जाते. मात्र तो वाळला पाहिजे. अथेन्सची हवा कोरडी होती. आपल्याकडील दमट हवेत घाम नुसता ठिबकतो, द्रव जातो आणि शैत्य मात्र येत नाही. व्यायाम व अतिसंताप यांनी स्वेदवह स्रोतसे दुष्ट होतात, हे चरकोक्त वचन विद्यार्थिदशेत मी पाठ केले होते. त्याचा अर्थ उन्हातल्या शर्यतीच्या कडेला उभे राहिल्यावर कळला.

नोगुची यांची उंची जेमतेम दीड मीटर. लहान देहात उष्णता कमी निर्माण होते आणि वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्र अधिक असते, म्हणून उन्हात त्याला लाभ होतो. येथे कोणी कृश शरीर श्रेष्ठ असा निष्कर्ष काढू नये. अतिकृशास व्यायाम आणि अतिउष्ण सोसत नाही, असे चरकांनी म्हटलेच आहे. क्षुधा, तृषा, आतप व व्यायाम सहन करणारा म्हणून त्यांनी सममांसप्रमाण, समसंहनन पुरुष वर्णिला आहे. अशा शर्यतींतील उत्तम धावपटूंच्या घट्ट, समप्रमाण देहांकडे पाहिले की ते वर्णन डोळ्यांसमोर मूर्त होते.

रॅडक्लिफ यांच्या माघारीचे कारण अधिक बोधप्रद आहे. मनोधैर्य खचले, अशी टीका त्यांच्यावर मायदेशात झाली. प्रत्यक्षात दोन आठवड्यांपूर्वी पायाला झालेल्या दुखापतीसाठी त्यांना शोथहर वेदनाशामक औषधे मोठ्या मात्रेत घ्यावी लागली होती. त्यांनी जठर बिघडले आणि आहाराचे शोषण नीट होईना. म्हणजे पाय धावू शकत होते, परंतु अग्नी साथ देत नव्हता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांनी न्यूयॉर्कची मॅरेथॉन जिंकली, यावरून काय ते समजावे. आपल्याकडे शर्यतीच्या सकाळी वेदनाशामक गोळी घेऊन उभे राहणारे हौशी धावपटू थोडे नाहीत. उन्हात द्रवक्षय झालेल्या शरीरात ही गोळी वृक्कांसही घातक ठरू शकते. नाडी पाहण्यापूर्वी हा एक प्रश्न अवश्य विचारावा.

आता माझ्या चुकीविषयी. काही वर्षांपूर्वी एक शिक्षिका डोंगरी शर्यतीत उतरणार म्हणून सल्ला घेण्यास आल्या. पित्तप्रकृती, वय चाळिशीच्या पुढे, धावण्याचा वेग मंद. उन्हाची भीती मनात धरून मी त्यांना सांगितले, ‘ताई, प्रत्येक ठिकाणी पाणी प्या, तहान लागण्याची वाट पाहू नका.’ त्यांनी अक्षरशः तसेच केले. शर्यत पूर्ण झाली. परंतु तासाभरात डोकेदुखी, मळमळ, बोटांवर सूज आणि असंबद्ध बोलणे सुरू झाले. सोबतच्यांनी उष्माघात समजून आणखी पाणी पाजले. रुग्णालयात रक्ततपासणी झाली तेव्हा सोडियम अतिशय घटलेले आढळले. त्या बऱ्या झाल्या, ही त्यांची पुण्याई. माझा सल्ला मात्र त्यांच्या जिवावर बेतला होता.

पुढे मी याविषयी वाचले. चढावाबद्दल प्रसिद्ध असलेल्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये २००२ साली ४८८ धावपटूंचे रक्त तपासण्यात आले होते. त्यांपैकी १३ टक्क्यांचे सोडियम कमी भरले आणि तिघांचे तर प्राणसंकट ओढवावे इतके कमी. धावताना ज्यांचे वजन वाढले आणि ज्यांना चार तासांहून अधिक वेळ लागला, त्यांत हे प्रमाण विशेष होते. ही माहिती २००५ मध्ये प्रसिद्ध झाली होती. मी ती वाचली नव्हती. आणि अतिजलपानाचा निषेध तर आपल्याच ग्रंथांत आहे! शरद व ग्रीष्म वगळता निरोगी मनुष्यानेही पाणी अल्पच प्यावे, असे वाग्भट सांगतात. तो अपवाद मला आठवला, नियम विसरला.

तेव्हापासून मी तहानेप्रमाणेच प्या असे सांगतो. सरावाच्या दिवशी धावण्यापूर्वी व नंतर वजन करावयास लावतो. वजन सुमारे दोन टक्क्यांपर्यंत घटले तर चिंता नसते. वाढले तर पाणी जास्त झाले, असे समजावे. पेय म्हणून सैंधव व साखर घातलेले कोकमाचे सरबत, डाळिंबाचा रस किंवा यवाची पातळ पेया मी योजतो. चरकांच्या श्रमहर गणात द्राक्षा, खर्जूर, दाडिम, इक्षु, यव, षष्टिक ही द्रव्ये आहेत. आजचे धावपटू खिशात खजूर घेऊन निघतात, तेव्हा ते नकळत त्याच गणाचा आश्रय करतात. मात्र कोणतेही पेय शर्यतीच्या दिवशी प्रथमच घेऊ नये. गृध्रसी असो वा अम्लपित्त, आपण नवे औषध प्रवासाच्या दिवशी सुरू करतो काय?

ऋतूचा विचार तर अनिवार्य आहे. साताऱ्याची शर्यत वर्षाऋतूच्या अखेरीस येते. पावसाच्या शैत्याला सरावलेल्या अंगावर एकाएकी तीक्ष्ण ऊन पडले की पित्त कुपित होते, हे शरद्ऋतुचर्येतील निरीक्षण आहे. उष्णतेशी शरीर जुळण्यास दहा ते चौदा दिवस लागतात, असे आधुनिक शास्त्र म्हणते. तेवढ्या अवधीत रक्तातील द्रव वाढतो, घाम लवकर सुटतो आणि घामातील क्षार कमी होतात. यालाच आपण ओकसात्म्य म्हणतो. म्हणून शर्यतीपूर्वी पंधरवडाभर पादांशिक क्रमाने उन्हात धावण्याची सवय करावी. आयोजक ऋतुचर्या पाहून तारखा ठरवीत नाहीत, त्याला आपला इलाज नाही.

उताराकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. चढ दमवतो, पण मांड्यांचे मांस उतरताना अधिक दुखावते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना मृदू अभ्यंग व विश्रांती पुरते. मूत्र गडद तांबूस होत असेल तर मात्र अभ्यंगात वेळ न घालवता वृक्कांची तपासणी करावी.

उष्माघाताविषयी एकच आग्रह. शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर आणि धावपटू भ्रमित अथवा बेशुद्ध असेल, तर तोंडावाटे काहीही देऊ नये. तेथेच थंड पाण्याच्या टाकीत त्याला मानेपर्यंत बुडवावे, टाकी नसेल तर सर्वांगावर बर्फाचे पाणी ओतीत राहावे. आधी शैत्य, मग रुग्णवाहिका. तापमान वाढलेले नसून भ्रम असेल, तर सोडियमचा संशय धरून पाणी बंद करावे आणि शिरेवाटे तीन टक्के क्षारजल देण्याची सोय असेल तेथे त्वरित हलवावे. या दोहोंतला भेद करण्यासाठी तापमापक लागतो. काखेतला तापमापक येथे फसवतो. गुदमार्गाने घेतलेले तापमानच खरे.

त्या शिक्षिका पुढच्या वर्षी पुन्हा आल्या. त्यांना धावू नका असे सांगावयाचे मनात होते. धीर झाला नाही. त्यांनी सरावाच्या वजनांची वही समोर ठेवली. दर रविवारचे दोन आकडे, शेजारी प्यालेल्या पाण्याचे माप आणि त्या दिवशी ऊन होते की ढग, याची नोंद. त्या वर्षी त्यांना आधीच्या शर्यतीपेक्षा अकरा मिनिटे अधिक लागली, आणि शर्यतीनंतरचे वजन नऊशे ग्रॅमनी कमी भरले.