फॉलिक आम्ल : गिरणगावातील शोध आणि आजची पोषणनीती

‘ब’ गटातील नववे जीवनसत्त्व म्हणजे फोलेट. औषधात वापरल्या जाणाऱ्या त्याच्या कृत्रिम रूपास फॉलिक आम्ल म्हणतात. या जीवनसत्त्वाच्या शोधाचा आरंभ मुंबईत झाला.

1928 मध्ये ब्रिटिश संशोधक ल्युसी विल्स मुंबईत आल्या. कापड गिरण्यांतील गरीब कामगार स्त्रियांना गरोदरपणी होणाऱ्या तीव्र रक्तक्षयाचे कारण शोधणे, हे त्यांचे कार्य होते. या स्त्रियांच्या तांबड्या रक्तपेशी संख्येने कमी, परंतु आकाराने मोठ्या असत. हा रोग जंतुजन्य नसून निकृष्ट आहाराशी निगडित आहे, असे विल्स यांच्या लक्षात आले. तशाच आहारावर ठेवलेल्या माकडांतही रक्तक्षय उद्भवला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा झाला. रुग्ण स्त्रियांनाही या स्वस्त अर्काचा गुण आला. हे निष्कर्ष 1931 मध्ये प्रसिद्ध झाले. अर्कातील अज्ञात घटकास पुढे ‘विल्स घटक’ असे नाव मिळाले. 1941 मध्ये पालकाच्या पानांतून हे आम्ल वेगळे करण्यात आले. ‘पान’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याचे नामकरण झाले.

शरीरातील कार्य

पेशीविभाजनापूर्वी नवा डीएनए तयार व्हावा लागतो व त्यासाठी फोलेट आवश्यक असते. त्याच्या अभावी अस्थिमज्जेतील पेशी वाढतात, पण त्यांचे विभाजन खोळंबते. म्हणूनच त्या मोठ्या दिसतात. गर्भाच्या मेंदू व मज्जारज्जूचे मूळ असलेली चेतानलिका गर्भधारणेनंतर सुमारे 28 दिवसांत बंद होते. तोपर्यंत अनेक स्त्रियांना आपण गरोदर असल्याचे ठाऊकही नसते. म्हणून फॉलिक आम्ल गर्भधारणेपूर्वीच सुरू करणे इष्ट ठरते. 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अभ्यासात, पूर्वी असे अपत्य झालेल्या स्त्रियांमध्ये या दोषाचा धोका 72 टक्क्यांनी घटल्याचे दिसले.

आहार आणि शासकीय उपाय

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीस दररोज 220, तर गरोदर स्त्रीस 570 मायक्रोग्रॅम फोलेट आवश्यक आहे. हिरव्या पालेभाज्या, डाळी, हरभरा व शेंगदाणे हे त्याचे सहज मिळणारे स्रोत होत. ते पाण्यात विरघळते व उष्णतेने नष्ट होते. म्हणून भाजी चिरण्यापूर्वी धुवावी आणि शिजवलेले पाणी टाकू नये.

देशात 1970 पासून लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या देण्याचा कार्यक्रम सुरू झाला. 2018 च्या ‘अ‍ॅनिमियामुक्त भारत’ अभियानात गरोदर स्त्रीस 180 दिवस दररोज 60 मिलिग्रॅम लोह व 500 मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल देण्याची तरतूद आहे. छत्तीसगड व विदर्भात आढळणाऱ्या सिकलसेल आजारात रक्तपेशी लवकर नष्ट होतात व नव्या पेशींसाठी फोलेटची गरज वाढते. म्हणून अशा रुग्णांनाही हे आम्ल दिले जाते.

मात्र ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता असताना केवळ फॉलिक आम्ल दिल्यास रक्तक्षय सुधारतो, परंतु मज्जातंतूंची हानी चालूच राहते. म्हणून निदान महत्त्वाचे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (2019-21) 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त होत्या. गिरणगावात ज्या प्रश्नाने संशोधनास चालना दिली, त्याचे उत्तर हाती आहे. ते प्रत्येक स्त्रीच्या ताटापर्यंत वेळेवर पोहोचविणे, हेच खरे आव्हान आहे.