रागाची रामधून : विष्णु दिगंबर पलुस्करांचे नाशिकपर्व

पंचवटीत इंद्रकुंडाजवळ महापालिकेचे सभागृह आहे. त्याला नाव पंडित पलुस्करांचे. गांधर्व महाविद्यालयाचे संस्थापक म्हणून विष्णु दिगंबर सर्वांना ठाऊक आहेत. पण त्यांच्यातला चाली बांधणारा रचनाकार संस्थेच्या कीर्तीमागे झाकला गेला. नाशिकच्या वर्षांत तो ठळकपणे दिसतो.

जन्म 18 ऑगस्ट 1872 चा, कुरुंदवाडचा. वडील कीर्तनकार. लहानपणी फटाक्याने डोळे अधू झाले, शाळा सुटली आणि मुलगा मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ग्वाल्हेर गायकी शिकू लागला. घरचे कीर्तन आणि गुरूचा ख्याल, या दोन्हींतून त्यांची पुढची रचना घडली.

1896 मध्ये त्यांनी मिरज सोडली. 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडले, तेही राजाश्रयावर न विसंबता लोकांच्या पैशावर. 1908 पासून मुंबईत काम सुरू झाले. त्यांनी स्वतःची स्वरलिपी तयार केली, क्रमिक पुस्तके छापली. बंदिशीतले शृंगारिक शब्द काढून तिथे भक्तीचे शब्द घातले. त्यावर टीका झाली, पण त्यामुळेच मध्यमवर्गीय घरांतल्या मुली गाणे शिकायला येऊ शकल्या, हे विसरता येत नाही.

मुंबईच्या विद्यालयाची इमारत कर्जापायी गेली. पण त्याआधीपासूनच त्यांचे मन रामभक्तीकडे वळले होते. भगवी वस्त्रे, तुलसी-रामायणावरची प्रवचने आणि नाशिकला रामनाम आधाराश्रम. तुलसी, सूर, मीरा यांची पदे ते रागात बसवत. शब्द स्पष्ट, राग शुद्ध.

‘रघुपति राघव’ची सर्वांच्या तोंडी असलेली चाल त्यांचीच मानली जाते. तिची बांधणी पाहावी. गारा रागाची छाया, आवाक्यातले स्वर, छोट्या ओळी, चालत्या पावलांना साथ देणारी लय. एकाने सांगावे आणि हजारांनी उचलावे, अशी ही रचना आहे. त्यांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे साबरमती आश्रमात प्रार्थनेचे संगीत सांभाळत. 1930 च्या दांडीयात्रेत तेही गांधीजींबरोबर चालले. अशा चालीमुळे गाणे न शिकलेल्या माणसालाही रागाचा एक तुकडा गाता आला, आणि विष्णु दिगंबरांचे रचनाकार म्हणून मोठेपण मला इथेच दिसते.

21 ऑगस्ट 1931 रोजी मिरजेत त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले.

मुलगा दत्तात्रेय तेव्हा दहा वर्षांचा होता. त्याचा जन्म नाशिकचाच, 28 मे 1921 चा. वडिलांचे शिष्य विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांनी त्याला घडवले. 1935 मध्ये जालंधरच्या हरवल्लभ संगीत संमेलनात तो पहिल्यांदा गायला. 1952 मध्ये ‘बैजू बावरा’ चित्रपटात अमीर खाँसाहेबांसमोर त्याची देशी रागाची जुगलबंदी रंगली. 26 ऑक्टोबर 1955 रोजी, अवघ्या 34 व्या वर्षी, द. वि. पलुस्कर गेले. मागे ख्यालांच्या ध्वनिमुद्रिकांबरोबर भजनांच्याही राहिल्या. वडिलांनी रागात बसवलेले भजन मैफलीत किती डौलाने उभे राहते, हे त्यांत ऐकता येते.